ठोकळ्याच्या तळाचं पान

बसवनगुडी, बंगळूर
शनिवार, ३ मार्च १९६२

ती. बिंदुअण्णांना नमस्कार.

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. मत शेवटी.

१. तुमच्या बेविनकेरे नगरपालिकेच्या नव्या उंच टाकीला आठ खांब आहेत. प्रत्येक खांब भरताना त्याच काँक्रीटचे सहा इंची तीन ठोकळे साच्यात भरायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेत पाठवायचे, असं ठरलं होतं. आम्ही ते यंत्रात दाबून फोडतो. ठोकळा किती दाबाला फुटला, त्यावरून खांब किती भक्कम आहे ते कळतं.

२. चौरस इंचाला निदान २,२०० पौंड हवेत. पहिल्या खांबाचे ठोकळे सरासरी २,४१० ला फुटले, दुसऱ्याचे २,२९० ला, तिसऱ्याचे २,०६० ला.

३. या नऊ ठोकळ्यांच्या एका बाजूवर कडुलिंबाच्या पानाचा ठसा होता. पहिल्या खांबाच्या ठोकळ्यांवर एक पान, दुसऱ्याच्यांवर दोन, तिसऱ्याच्यांवर तीन. पानं वाढली तसा आकडा उतरला. म्हणून ७ ऑक्टोबरला मी नगरपालिकेला लिहिलं की साच्यात पाला जाऊ देऊ नये. तिसऱ्या खांबाचा निकाल त्यामुळेच कमी आला असावा.

४. त्यानंतर चौथ्या ते आठव्या खांबाचे पंधरा ठोकळे आले. एकावरही पान नव्हतं. पंधराही २,९०० आणि २,९३० यांच्या दरम्यान फुटले.

५. सगळ्या निकालांखाली माझी सही आहे.

६. काल वार्षिक गोषवाऱ्यासाठी चोवीस आकडे एका कागदावर मांडले. एकाच घमेल्यातून भरलेले तीन ठोकळेसुद्धा शंभर-दीडशे पौंडांनी पुढेमागे होतात. पाच खांब, सात आठवडे, पंधरा ठोकळे, आणि फरक फक्त तीस पौंडांचा, असं मी अजून पाहिलेलं नाही.

मत: हे पंधरा ठोकळे टाकीच्या कामावर भरलेले नसावेत. कोणीतरी दुसरीकडे, एकाच दिवशी, भरपूर सिमेंट घालून ते केले असावेत आणि त्यांवर चौथा, पाचवा असे आकडे रंगवले असावेत. तसं असेल तर नगरपालिकेची फसवणूक झाली आहे आणि ती माझ्या सहीने झाली आहे. माझ्याकडे पुरावा नाही. पानांचा या गोष्टीशी संबंध नाही. तो प्रश्न माझ्या पत्राने सुटला.

तुम्ही पाणीपुरवठा समितीचे सभासद आहात आणि टाकी तुमच्या शाळेच्या पटांगणाला लागून आहे. कामावर जाऊन खडी पाहाल का? नंतरच्या ठोकळ्यांतली खडी मला किंचित निळसर वाटली. कृपा करून कोणाला सांगू नका. माझा संशय चुकीचा असेल तर एका माणसाचं नाव विनाकारण खराब होईल.

वहिनींना नमस्कार. क्षमाची भूमितीची पेटी घेतली आहे, पुढच्या खेपेला पाठवते.

अहल्या

*

बेविनकेरे
गुरुवार, ८ मार्च

चि. अहल्येस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचायला घेतलं. दुसऱ्या कलमाशी तुझी वहिनी म्हणाली, “ही पोरगी स्थळंसुद्धा अशीच कलमवार नाकारत असेल.” पुढचं मग मी मनातच वाचलं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे गेलो. संशय नको म्हणून नववीच्या मुलींना बरोबर घेतलं आणि कोनावरून टाकीची उंची काढायला लावली. चाळीस फूट. एकीने सत्तावन्न काढली, पण ती आमची क्षमा, तेव्हा तो विषय सोडू.

कंत्राटदार प्रतापराव स्वतः हजर होता. माणूस बोलायला गोड. आपल्यासारखंच जुनं घराणं, शहाजीराजांबरोबर आलो म्हणतो, त्यामुळे माझ्याशी मराठीत. खडीच्या दोन राशी होत्या, एक निळसर, एक पांढरी, दोन्ही इथल्याच डोंगरातल्या. मी आडून आडून ठोकळ्यांचा विषय काढला तर हसला आणि म्हणाला, “गुरुजी, आकडे कमी आले म्हणून ओरडणारे खूप पाहिले. फार चांगले आले म्हणून चौकशी करणारे तुम्हीच पहिले!” खरं सांगू, मलाही ते पटलं. पोरी, जगात एखादी गोष्ट नीट होऊही शकते.

एक गंमत मात्र तुला सांगितलीच पाहिजे. साचे भरायला एक बाई आहे, यल्लव्वा. बेळगावकडची, गेली सहा वर्षं कामांच्या मागे फिरते आहे. मराठीत बोललो तशी खुलली.

“बेंगळूरची ती कागदवाली तुमची कोण लागती ओ गुरुजी?”

“लांबची बहीण.”

“मग सांगा तिला. नगरपालिकेच्या ओव्हरसीअरनं तिचं पत्र आम्हास्नी वाचून दाखवलं. पान घालू नका म्हणे! मी हो म्हटलं आणि घातलं.”

“घातलंस?”

“मग? रिकाम्या तोंडात पहिला घास पाल्याचा. उगादीला तुम्ही काय करताय? आधी बेवुचा पाला खाताय, मग गूळ. साचा म्हंजे तोंडच की. पार शेवटच्या खांबापर्यंत घातलं, कोण बघतंय?”

बघ, प्रयोगशाळेच्या शिक्क्याच्या पत्राची बेविनकेरेत ही किंमत! मला इतकं हसू आलं की मुलींनी उंची पुन्हा मोजायला घेतली.

टाकीत पाणी उगादीला, म्हणजे पाडव्याला, ५ एप्रिलला सोडायचं ठरलं आहे. अध्यक्ष झडपेचं चक्र फिरवणार आणि शाळेच्या मुली टाकीखाली उभ्या राहून गाणार. क्षमा पहिल्या ओळीत आहे. उंचीमुळे, आवाजामुळे नव्हे. तू ये.

बिंदुमाधव

*

बसवनगुडी
शनिवार, १० मार्च

ती. अण्णांना नमस्कार.

तुमच्या पत्रातली गंमत पुन्हा वाचा. तुम्ही खडी पाहायला गेलात आणि पुरावा घेऊन आलात.

यल्लव्वाबाईंनी शेवटच्या खांबापर्यंत पान घातलं. माझ्याकडे ७ ऑक्टोबरनंतर पान असलेला एकही ठोकळा आला नाही. माझ्या पत्राने पान बंद झालं असं मी पाच महिने समजत होते. पान बंद झालं नव्हतं. त्यांचे ठोकळे माझ्यापर्यंत येणं बंद झालं होतं.

आता माझी चूक. पान साच्याच्या तळाशी ठेवतात. दाब आम्ही ठोकळ्याच्या उभ्या बाजूंवर देतो. तळाला पान असल्याने निकालात काही फरक पडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. नोकरीचा तिसरा महिना होता, कमी निकालाला कारण हवं होतं, आणि पानं तेवढी दिसत होती. खरं कारण सिमेंट कमी होत जाणं हे असणार. मी ते विचारलं नाही. उलट कंत्राटदाराला लेखी सबब दिली. पुढे पान नसलेले ठोकळे आले तेव्हा मी आनंदाने सही केली.

टाकी पन्नास हजार गॅलनची आहे. गॅलनला दहा पौंड. म्हणजे पाच लाख पौंड, दोनशे तेवीस टन. पाच खांबांबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही. गाणाऱ्यांच्या पहिल्या ओळीबद्दल मी जास्त लिहीत नाही.

दोन गोष्टी विचाराल का? यल्लव्वाबाईंनी भरलेले ते पंधरा ठोकळे कुठे गेले? आणि त्यांतला एखादा मिळू शकेल का?

अहल्या

*

बेविनकेरे
गुरुवार, १५ मार्च

चि. अहल्या,

तुझं पत्र या खेपेला कोणाला वाचून दाखवलं नाही.

आधी माझं सांगतो. मागच्या पत्रात “ठरलं आहे” असं मी लिहिलं. ठरवलं कोणी ते लिहिलं नाही. उगादीचा मुहूर्त समितीत मी सुचवला. ओव्हरसीअर म्हणत होता, आणखी महिनाभर थांबू. मीच म्हटलं, शुभ दिवस आहे, मुली गातील. ठरावावर सूचक म्हणून माझं नाव आहे. तुझी सही आणि माझी सही, दोघांच्या मध्ये ती टाकी उभी आहे.

आता ठोकळे. यल्लव्वाला विचारलं तर तिने मला तळ्याकाठच्या तिच्या झोपडीशी नेलं. झोपडीपुढे दगडी ओटा असावा तसा ओटा होता. पंधरा ठोकळे, पाच-पाचच्या तीन रांगा, वर शेणाने सारवलेलं. तिच्या भांड्यांची उतरंड त्यावर.

“लारीवाल्यानं तळ्यात टाकायला घेतलं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, आण इकडं. आपल्या हातचं असं टाकवत न्हाई.”

“तुला कळलं नाही का, की हे बेंगळूरला जायला हवे होते?”

“कळलं की! ओव्हरसीअरला सांगितलं. त्यो म्हणाला, ठोकळे कुठं जातात ते तू मला शिकवू नको, तुला लिहिता-वाचता येतंय का? मी म्हटलं, न्हाई. मग गप बसले.” मग तळहात दाखवून म्हणाली, “गुरुजी, माल हाताला कळतोय. तिसऱ्या खांबापासून सिमेंट स्वल्प-स्वल्प उतरत गेलं. थापी मारली की चिकटायचं, ते सुटाय लागलं. मी मेस्त्रीला बोलले. तुम्हाला कुठं बोलायचं? तुम्ही कधी आलाच न्हाई.”

टाकी माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसते. आठ महिने दिसत होती.

मी म्हटलं, तीन ठोकळे मी बसने बंगळूरला नेतो. तर म्हणाली, “तुम्ही नेलं तर गावभर होईल. गुरुजी कशाला दगड घेऊन चालले म्हणून कंडक्टरच विचारेल. मी डोईवर ओझं घेऊन गेले तर कोण इचारतंय? माझ्या डोईवर रोजच ओझं असतं.”

सरी, ठीक आहे, म्हटलं. सोमवारी पहाटेच्या गाडीने निघेल, आनेकलला बस बदलेल. तुझा पत्ता कन्नडमध्ये लिहून दिला आहे. तिला चहा दे. गूळ जास्त.

बिंदुमाधव

*

बसवनगुडी
मंगळवार, २० मार्च

ती. अण्णांना नमस्कार.

यल्लव्वाबाई काल साडेनऊला पोचल्या. एका ठोकळ्याचं वजन साडेअठरा पौंड असतं. तीन म्हणजे साडेपंचावन्न. बसस्टँडपासून आमच्या घरापर्यंत सव्वादोन मैल. मी जिन्यावरून उतरून आले तर त्या दाराशी उभ्या, पोत्याची चुंबळ अजून डोक्यावर, ओझं पायरीवर नीट उतरवलेलं. दम लागलेला दिसला नाही.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“पानवाली कागदाची बाई तूच काय?”

“हो.”

“मला वाटलं म्हातारी असशील. लई रागाचं पत्र होतं.”

चहा घेतला. गूळ त्यांनी स्वतःच आणखी मागितला. मग रिक्षाने प्रयोगशाळेत आलो. आमचे मुख्य, विश्वासराव साहेब, यांना मी शनिवारीच सगळं सांगितलं होतं. त्यांनी यल्लव्वाबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. यंत्राजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

ठोकळ्यांवरचे रंगवलेले आकडे सारवणाखाली पुसले गेले होते. मी ते पाण्याने धुतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “अडचण आहे. कोणता ठोकळा कोणत्या खांबाचा ते कळल्याशिवाय निकालाचा उपयोग नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षमाने सत्तावन्न फूट सांगितल्यावर तुम्ही तिच्याकडे पाहिलं असेल, तसं.

“मोज की,” म्हणाल्या.

“काय?”

“पानं मोज. काडी घ्यायची, खांबाइतकी पानं ठिवायची, बाकीची खुडायची. पहिल्या खांबाला एक, दुसऱ्याला दोन. मला आकडा काढता येत न्हाई. रंगानं लिवलेलं कुणीबी पुसतंय आणि कुणीबी लिवतंय. ह्ये आतून उमटतंय, ह्ये कोण पुसणार?”

मी तळ वर केला. एकावर चार पानं, एका देठावर, शिराही दिसत होत्या. दुसऱ्यावर सहा. तिसऱ्यावर आठ.

अण्णा, मी उठून माझी वही आणली. गेल्या सप्टेंबरची. प्रत्येक ठोकळ्याच्या ठशाची आकृती मी स्वतः काढली आहे, मापासकट. खांब पहिला, एक पान. खांब दुसरा, दोन पानं. खांब तिसरा, तीन पानं. नऊपैकी नऊ. त्यांनी मला खांबाचा आकडा सांगितला होता. मी तो बरोबर उतरून घेतला, आकड्यांशी ताडून पाहिला आणि त्याला कचरा ठरवलं.

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्या वाकून पाहत राहिल्या. “चांगलं काढलंयस,” म्हणाल्या. “देठसुद्धा काढलायस.” माझ्या कामाची एवढी नेमकी तारीफ अजून कोणी केलेली नाही.

मग फोडले. चौथा खांब १,७२०. सहावा १,४८०. आठवा १,३१०. साहेबांनी तिन्ही वेळा काटा स्वतः पाहिला. हे ठोकळे चार-पाच महिन्यांचे आहेत. काँक्रीट वयाबरोबर घट्ट होत जातं. म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा आकडा बहुतेक याहूनही कमी असता.

आठवा ठोकळा फार लवकर, जवळजवळ आवाज न करता फुटला. मी म्हटलं, “तुमचे ठोकळे फोडावे लागले, वाईट वाटतं.”

“त्यात काय वाईट? फुटायलाच भरले होते. ओट्याला लागले, ते चुकलं होतं.”

जाताना मी सरळ विचारलं. नगरपालिकेला लेखी कळवताना तुमचं नाव घालावं लागेल. न घालता ‘एक कामगार’ असं लिहिता येईल, पण मग ठोकळे कोणी भरले हे सिद्ध होणार नाही. नाव घातलं तर काम जाईल.

त्यांनी चुंबळ झटकली. “पान माझं हाय. मग नाव काय तुझं घालणार?”

मी त्यांना आनेकलच्या बसमध्ये बसवून दिलं. उरलेल्या बारा ठोकळ्यांना कोणी हात लावू नये, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, “लावून तर बघू दे.” या आठ महिन्यांत मी बऱ्याच इंजिनिअरांनी पाठवलेले नमुने तपासले आहेत. माझा नमुना मी कोणाच्या हाती निर्धास्तपणे सोपवीन असं विचारलं, तर आता मला उत्तर माहीत आहे.

कन्नडमधून तक्रार लिहायला घेते.

अहल्या

*

बेविनकेरे
गुरुवार, २२ मार्च

चि. अहल्या,

घाईत लिहितो.

यल्लव्वाला काल कामावरून काढलं. ओट्यातले तीन ठोकळे कमी झालेले मेस्त्रीच्या नजरेला आले. दुपारी प्रतापरावाची लारी झोपडीपाशी आली, उरलेले बारा न्यायला. ती ओट्यावर जाऊन बसली. घोंगडी अंथरून, पाय पसरून. चौघे जण समोर उभे. म्हणाली, “उचला की. आधी मला उचला.” कोणी पुढे झालं नाही. लारी रिकामी गेली. तेव्हापासून ती तिथेच बसून आहे. तुझी वहिनी दोन्ही वेळा डबा घेऊन जाते आणि परत आल्यावरच मला जेवायला वाढते.

मी अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, “गुरुजी, मुहूर्त तुम्ही सुचवायचा आणि अपशकुनही तुम्हीच करायचा? लेखी येऊ द्या, मग बघू.” आज सकाळी मी माझी सूचना लेखी मागे घेतली आणि कारणही लिहिलं. शाळेच्या मुली टाकीखाली गाणार नाहीत, एवढं मुख्याध्यापक म्हणून माझ्या हातात होतं, ते केलं. पण चक्र फिरवायला माझी परवानगी लागत नाही. टाकीच्या पलीकडे बाजार भरतो, तो काही मी हलवू शकत नाही.

आता एक ऐक, मोठा म्हणून सांगतो. तक्रारीतून तुझं ऑक्टोबरचं पत्र वगळ. प्रतापराव तेच पुढे करील, म्हणेल, यांच्याच प्रयोगशाळेने पानाचं कारण दिलं होतं, आता उलट बोलतात. तुझी नोकरी जूनपर्यंत कच्ची आहे. खोटं लिही असं मी म्हणत नाही. फक्त तेवढं लिहू नको.

बिंदुमाधव

*

बसवनगुडी
शनिवार, २४ मार्च

ती. अण्णांना नमस्कार.

सोबत तक्रारीची नक्कल, तुमच्यासाठी मराठीत केलेली. मूळ कन्नड पत्र आज रजिस्टरने अध्यक्षांना गेलं, एक प्रत जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरांना.

तुमचा सल्ला पाळला नाही. यल्लव्वाबाईंनी नाव घालायला दोन मिनिटंही घेतली नाहीत आणि त्यांची नोकरी कच्चीसुद्धा नव्हती, रोजाची होती. विश्वासराव साहेबांनी मसुदा वाचला आणि विचारलं, “चौथा परिच्छेद ठेवायचाच?” मी हो म्हटलं. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या सहीखाली सही केली.

वहिनींना सांगा, डब्याबरोबर एक छत्रीही द्यावी. ओट्यावर सावली नाही.

अहल्या

(नक्कल)

मा. अध्यक्ष,
नगरपालिका, बेविनकेरे यांस

विषय: उंच टाकीच्या चौथ्या ते आठव्या खांबांचे चाचणीसाठी पाठवलेले ठोकळे

महोदय,

आपल्या टाकीच्या चौथ्या ते आठव्या खांबांच्या नावाने आमच्याकडे आलेले पंधरा ठोकळे त्या खांबांच्या काँक्रीटचे नव्हते, असं मानायला सबळ कारण आहे. ते निकाल, माझ्या सहीसह, मी या पत्राने मागे घेत आहे.

त्या खांबांचे खरे ठोकळे कामावरच्या कामगार यल्लव्वा यांनी भरले. ते चाचणीला न पाठवता टाकून देण्यात आले. यल्लव्वा यांनी ते सांभाळून ठेवले. त्यांपैकी तीन १९ मार्चला आमच्या मुख्यांसमक्ष तपासले. चौरस इंचाला २,२०० पौंड हवे असताना ते १,७२०, १,४८० आणि १,३१० पौंडांना फुटले. बारा ठोकळे त्यांच्या ताब्यात आहेत. ते आपल्या आणि आमच्या प्रतिनिधींसमोर सीलबंद करावेत.

प्रत्येक ठोकळ्याच्या तळाला कडुलिंबाच्या पानांचा ठसा आहे आणि पानांची संख्या हाच खांबाचा क्रमांक आहे. पहिल्या तीन खांबांच्या ठोकळ्यांवरही तो तसाच होता. आमच्या वहीतील सप्टेंबर १९६१ च्या आकृत्या सोबत जोडल्या आहेत. ठोकळा ओळखण्याची याहून खात्रीची पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

७ ऑक्टोबर १९६१ च्या पत्रात मी या पानांना दोष दिला होता. तो निष्कर्ष चुकीचा होता. पान तळाला असल्याने त्याचा निकालावर परिणाम होत नाही. हे माहीत असून मी तसं लिहिलं आणि तिसऱ्या खांबातील काँक्रीटची चौकशी केली नाही. पान नसलेले ठोकळे पुढे आले ते त्या पत्रानंतर. या चुकीची जबाबदारी माझी आहे.

टाकीत ५ एप्रिलला पाणी सोडलं तर त्या खांबांवर दोनशे तेवीस टन पाण्याचा भार येईल. तो भार ते पेलतील असं सांगणारा एकही कागद आज आपल्याकडे नाही. खांबांची नव्याने तपासणी होईपर्यंत टाकी रिकामी ठेवावी.

यल्लव्वा यांना २१ मार्चला कामावरून काढल्याचं कळतं. त्यांना परत घ्यावं. खांबांची दुरुस्ती झाल्यास तिथले ठोकळेही त्यांनीच भरावेत. यापुढे बेविनकेरेहून आलेला, तळाला पान नसलेला ठोकळा ही प्रयोगशाळा तपासणीला घेणार नाही.

पाणी सोडण्याचा कार्यक्रम थांबवल्याचं लेखी उत्तर बुधवार, २८ मार्च १९६२ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत आमच्याकडे पोचावं, ही विनंती.